शोकसभेची शौकसभा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय खरं तर ऐकवण्याचा नाही, दाखवण्याचा आहे. छापील चुकांची गंमत डोळ्यांना कळते, कानांना कळत नाही. रेडिओवर अनुस्वार गळत नाही, उकार तुटत नाही, वेलांटी उलटी पडत नाही. तेव्हा मी अधूनमधून शाळामास्तरासारखा 'श ला मात्रा', 'ख ला काना' असं म्हणेन, तेवढं सांभाळून घ्या. आणि हे भाषण पुढे कुठे छापून येणार असेल, तर तिथल्या मुद्रितशोधकांना आत्ताच हात जोडून विनंती आहे की यातल्या चुका सुधारू नका. त्या मी मोजून ठेवल्या आहेत.

छपाईतल्या चुका ज्याच्या नावावर खपतात, त्या मुद्राराक्षसावर आपण फार अन्याय केला आहे. 'मुद्राराक्षस' हे विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचं नाव. त्यातला राक्षस हा नंदांचा अमात्य, धन्याशी कमालीचा एकनिष्ठ माणूस. आणि मुद्रा म्हणजे त्याची शिक्क्याची अंगठी. छपाईशी या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नाही. पण इंग्रजांच्या छापखान्यात एक 'डेव्हिल' वावरत होता, त्याला मराठीत भाऊ हवा होता, आणि 'मुद्रण' या शब्दात 'मुद्रा' आयतीच सापडली. म्हणजे चुकांच्या या कुलदैवताचं बारसंच मुळी शब्दाच्या ओढाताणीतून झालेलं!

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं. त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारी मराठी असायचं. राक्षसाला पहिल्याच दिवशी दोन ताटं वाढलेली. पण अक्षराची अदलाबदल काही छापखान्याबरोबर आलेली नाही. आपल्याकडची सगळ्यात गाजलेली अदलाबदल त्याच्याही आधीची आणि हाताने लिहिलेली आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकार जाणोत, त्यांच्यातही एकमत नाही. पण 'ध चा मा' करणं हा वाक्प्रचार मराठीत कायमचा बसला.

मी बी. ए. ला असताना, म्हणजे १९८९-९० च्या सुमारास, तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्यात संध्याकाळी प्रुफं तपासायला जात असे. एक साप्ताहिक, लग्नपत्रिका, हँडबिलं, उरलेल्या वेळात पावतीपुस्तकं असा तिथला संसार. खिळे जुळवायला एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, पण उलटी अक्षरं सुलट वाचावीत अशा वेगाने वाचायचे. डाव्या हातात स्टिक, उजवा हात समोरच्या केसमधल्या खान्यांवर फिरतोय, आणि तोंडाने गावातल्या भानगडी सांगणं चालू. नजर खान्यांकडे नसायचीच.

इंग्रजीच्या कंपोझिटरचं दोन केसमध्ये भागतं. मराठीला काना, मात्रा, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत. छपाई झाली की फर्मा रॉकेलने धुवायचा आणि एकेक खिळा पुन्हा आपापल्या खान्यात टाकायचा. हे काम बहुधा नवशिक्या पोराकडे असे. त्याने 'ह'च्या खान्यात चुकून 'द' टाकला की झालं. मास्तरांचा हात दुसऱ्या दिवशी विश्वासाने 'ह'च्या खान्यात जाणार आणि लग्नपत्रिकेवर 'शुभविवाद' उमटणार. आजच्या पत्रिकेतली चूक कालच्या हँडबिलात पेरलेली असायची, ती अशी.

उकार हा फार नाजूक प्राणी. अक्षराच्या पायाशी लटकलेला असतो, दोन-चारशे प्रती निघाल्या की मोडतो. तेव्हा पहिल्या दोनशे वाचकांना 'वधू पाहिजे' दिसायचं आणि उरलेल्यांना 'वध पाहिजे'. 'भाषणा'तल्या भ चा काना जाऊन तिथे वेलांटी बसली की 'अध्यक्षांचे भीषण झाले, श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या' अशी बातमी तयार. यात चूक फक्त छपाईची आहे, आशय अनेकदा बरोबर असतो. 'शाल व श्रीफळ' याऐवजी 'साल व श्रीफळ देऊन सत्कार' हेही मी पाहिलं आहे. केळ कोणी खाल्लं ते बातमीत नव्हतं. आणि मला सगळ्यात आवडलेली चूक म्हणजे एका दिवंगत पुढाऱ्याची 'शौकसभा'. एक जादा मात्रा. गृहस्थांना ओळखणाऱ्या मंडळींनी सांगितलं की दुरुस्तीची गरज नाही.

अनुस्वाराचा तर स्वतंत्र दरबार. पूर्वी उच्चारात नसलेले अनुस्वारही द्यावे लागत. 'घरांत', 'गांवांत' अशी टिंबांची रांगोळी असे. ते कटाप करण्याचा नियम १९६२ च्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमावलीने केला. मास्तर म्हणायचे, त्या दिवशी आमच्या डोळ्यांवरची निम्मी खरूज गेली. तरी जे उरले ते पुरेसे आहेत. 'प्रकृतीविषयी चिंता' यातलं टिंब गळालं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. संस्कृत सुभाषितकारालाही चिंता आणि चिता यांच्यातल्या त्या एका बिंदूचा मोह आवरला नव्हता. 'मराठीच्या स्थितीबद्दल साहित्यिकांनी खंत व्यक्त केली' यातलं टिंब गेलं की साहित्यिकांनी खत व्यक्त केलं. आमच्या घरात खत म्हणजे पत्र आणि बाहेर खत म्हणजे शेणखत, त्यामुळे मी ती बातमी दोन्ही अर्थांनी वाचली. दोन्ही लागू पडले.

हे टिंबाचं प्रकरण मराठीपुरतं नाही बरं का. उर्दू लिपीत 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. वर दिला तर देव, खाली दिला तर ताटातूट. 'दुआ' लिहून त्यावर एक नुक्ता पडला की तिचा 'दगा' होतो. लहानपणी आजोबांनी मला हे दाखवलं तेव्हा मला लिहिण्याचीच भीती बसली होती.

माझ्या आडनावातही एक सापळा आहे. शेखमधला 'ख' जुन्या वळणात 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखाच दिसे. पुढे लिपीसुधारणेत र ची शेपटी खाली व ला जोडायचं ठरलं, ते याच घोळामुळे. तोवर मी कैक ठिकाणी 'शेरव' होतो. हाच घोळ उलट दिशेनेही चाले. 'पाहुणे मुंबईला रवाना झाले' याचं 'पाहुणे मुंबईला खाना झाले'. आता मुंबईला कोण कोणाचा खाना होतो हा वेगळा विषय आहे, असो.

'शेरव'ची मला कधी तक्रार नव्हती, तो लिपीचा दोष. पण पहिली कविता छापून आली तेव्हा माझ्या नावापुढे 'शेखर' असं होतं. 'र'चा खिळा आपण होऊन चालत आला नव्हता. मी मास्तरांना विचारलं, असं कसं होतं? ते म्हणाले, "पोरा, डोकं बातमीत असतं, हात सवयीत असतो. श झाला, ख झाला, की हात आपोआप र कडे जातो. शेखर शंभरदा जुळवलेला असतो, शेख दोनदा." रागाने नाही, समजावून सांगावं तसं बोलले. तेव्हापासून मी छापील चुकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. चूक आंधळी नसते. जिथे रोजची पायवाट असते, तिकडेच ती घसरते.

शब्दांच्या चुकांतही हेच. आमच्या छापखान्यात काही मजकूर जुळवून, सुतळीने बांधून कायमचा ठेवलेला असे. 'हार्दिक अभिनंदन', 'हार्दिक शुभेच्छा', 'शाल व श्रीफळ देऊन', 'आभारप्रदर्शनानंतर कार्यक्रमाची सांगता झाली'. मधे फक्त नाव घालायचं. सुतळी आता गेली, पण डोक्यातले ते बांधलेले गठ्ठे शाबूत आहेत. म्हणून तर दरवर्षी कुठे ना कुठे 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' झळकतात. जाहिरातीत, फलकावर, आता मोबाईलवरही. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना हे खरं. पण त्याची दहावी तारीख म्हणजे करबल्यात इमाम हुसेन शहीद झाले तो दिवस, इसवी सन ६८० मधला. त्या दिवसाच्या हार्दिक शुभेच्छा म्हणजे कोणाच्या दहाव्याला पेढे घेऊन जाण्यासारखं. पाठवणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे. सणांच्या यादीत तो दिवस दिसला, हात 'हार्दिक'च्या खान्यात गेला. आमच्याकडे हे फलक पाहून कोणी रागावत नाही. वडील तर म्हणायचे, शुभेच्छा आल्या आहेत ना, मग ठेवून घ्या, ईदला वापरू.

ते वडील गेले तेव्हा एका पत्राने त्यांच्या नावाआधी 'कै.' छापलं. कैलासवासी. आत्याने विचारलं, हे कैलास कुठल्या बाजूला आलं? दुसऱ्या पत्राने मात्र रीतसर 'पैगंबरवासी झाले' असं लिहिलं. श्रोतेहो, हा 'पैगंबरवासी' शब्द अरबीत नाही, फारसीत नाही, उर्दूवाल्याला सांगितला तर तो टकमक बघेल. तिकडे 'मरहूम' म्हणतात. हिंदू कैलासवासी होतो, ख्रिस्ती ख्रिस्तवासी होतो, तर मुसलमान काय होणार, असा विचार करून कोण्या मराठी लिहिणाऱ्याने हा घडवला असणार. शास्त्राच्या काट्यावर तोलला तर शब्द चुकीचाच ठरेल. पण आमच्यासाठी एक वेगळा खाना करावा असं कोणाला तरी वाटलं होतं, म्हणून मला तो 'मरहूम'पेक्षाही जवळचा वाटतो. दोन्ही कात्रणं आम्ही ठेवली आहेत.

शब्दांची जागा चुकली की होणाऱ्या गमती सगळ्यांना माहीत आहेत, त्या भरभर सांगतो. 'जुन्या मुलांचे कपडे स्वीकारले जातील.' 'अपघातात ठार झालेल्या तिघांपैकी एकाची प्रकृती गंभीर.' आणि रात्रपाळीच्या उपसंपादकाची ती सुप्रसिद्ध डुलकी: पुरात रेल्वेचे स्लीपर वाहून गेल्याची इंग्रजी तार आली आणि सकाळी मराठीत रेल्वेत झोपलेले प्रवासी वाहून गेले. ही गोष्ट प्रत्येक वृत्तपत्राच्या कचेरीत दुसऱ्या वृत्तपत्राच्या नावावर सांगतात, त्यावरून तिची किंमत करावी. मला तर त्या उपसंपादकाची बाजू घ्यावीशी वाटते. रात्री दोन वाजता एका हातात चहा, समोर तारांचा ढीग, खाली यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटं. अशा वेळी स्लीपर म्हटल्यावर माणसाला झोपच आठवणार.

संगणक आल्यावर वाटलं, सुटलो! खिळाच नाही तर मोडणार काय? पण राक्षसाने फक्त घर बदललं. मराठीत दोन प्रकारचे 'र' आहेत. 'आचार्यांना' म्हटलं की गुरुजी, आणि तोच र आडवा, भुवईसारखा करून 'आचाऱ्यांना' म्हटलं की स्वयंपाकी. कित्येक फाँटांत हा आडवा र नीट उमटत नसे, आणि एका फाँटातला मजकूर दुसऱ्यात नेला की दोघांची सरमिसळ होई. एका दिवाळी अंकात माझी कविता होती, बंदरावर वाट पाहणाऱ्या बाईची. तिचा नवरा दर्यावर गेलेला, परत न आलेला. छापून आलं तेव्हा तो 'दऱ्यां'वर गेला होता. कवितेत पाच ठिकाणी दर्या, पाचही ठिकाणी दऱ्या. पुढे एका चोखंदळ वाचकाचं पत्र आलं. गिर्यारोहकाच्या पत्नीची व्यथा मराठी कवितेत प्रथमच आली, म्हणून त्यांनी आभार मानले होते. मी उत्तरात धन्यवाद कळवले. एवढ्या आपुलकीने लिहिणाऱ्या माणसाला परत समुद्रात कशाला ढकला?

आता तर फोन स्वतःच लिहितो. मी 'उर्स' म्हणतो, तो 'वर्ष' लिहितो. 'शेख' म्हटलं की पुढे काय सुचवतो ते तुम्ही ओळखलं असेल. मास्तरांचा हात आणि हे यंत्र, दोघांची शाळा एकच. जे जास्त वेळा आलं ते बरोबर.

नावाच्या बाबतीत मात्र हसता हसता घास अडकतो. आमच्या मोहल्ल्यात एक खाला होत्या. त्यांचं नाव बदलून सांगतो, पण चूक तीच ठेवतो. निकाहनाम्यावर, रेशनकार्डावर, बँकेत सगळीकडे जुलेखा. आणि नवऱ्याच्या नोकरीच्या कागदात वारस म्हणून 'जुलेका'. नवरा वारला, पेन्शनचा अर्ज केला, कचेरीने सांगितलं की जुलेका आणि जुलेखा ही बाई एकच आहे याची जाहिरात पेपरात द्या आणि कात्रण आणा. हे २०११ सालचं. मोहल्ल्यात मराठी लिहिणारा म्हणून खाला माझ्याकडे आल्या. मी मजकूर करून दिला, खालांनी शिवणकामातले पैसे मोजले, जाहिरात एका पत्राकडे गेली.

तीन दिवसांनी छापून आलं : 'माझे नाव जुलेखा असून यापुढे मला जुलेखा या नावाने ओळखले जावे.' तिथल्या टंकलेखकाने चांगल्या मनाने पहिली 'चूक' सुधारली होती. खालांना मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बेटा, पेपरवाल्याला माझं नाव एवढं पसंत पडलं का, दोन्ही जागी तेच टाकलं?" सगळा मोहल्ला हसला. खाला हसल्या नाहीत. त्यांचं महिन्याचं भाडं थकलं होतं.

आम्ही तक्रार केली. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र आलं : 'कालच्या जाहिरातीत जुलेखाऐवजी जुलेखा असे वाचावे.' हे मी कविकल्पनेने रचलेलं नाही. कवीला एवढं सुचत नाही.

तिसऱ्या वेळी मी खालांना घेऊन थेट त्या पत्राच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलाला म्हटलं, तू पडद्यावर बघ, मी वाचतो. आमचे मास्तर अवघड प्रूफ असंच वाचून घेत, अर्थाकडे न बघता, अक्षर अक्षर सोडवून. अर्थ कळला की डोळा पळतो, म्हणत. मी वाचलं, "ज ला पहिला उकार, ल ला मात्रा, क ला काना. पुढे, ज ला पहिला उकार, ल ला मात्रा, ख ला काना." मुलाने मान हलवली. खाला म्हणाल्या, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. खालांना कुराण वाचता यायचं, थोडं उर्दू यायचं, मराठी मात्र फक्त बोलता यायचं. त्या खिडकीच्या काचेतून पडद्याकडे बघत ओठ हलवत होत्या.

या वेळी जाहिरात बरोबर आली. तिन्ही कात्रणं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आम्ही कचेरीत गेलो. चार महिने उलटले होते. कारकुनाने कात्रण दोनदा वाचलं, समोरचं जाड रजिस्टर ओढलं, पेन उघडलं आणि रकान्यात सावकाश नाव लिहिलं. तो पुढच्या रकान्याकडे वळणार एवढ्यात खालांनी टेबलावर वाकून त्या ओल्या अक्षरांजवळ बोट ठेवलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ख चा काना राहिला."